मुलंगरीला डॉक्टर हवा

मुलंगरी, न्यू साउथ वेल्स
१२ मे १९९६

ती. सुहासआत्यास,
मैथिलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या मागच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त करून ते पत्र तू परत पाठवलंस, तेही पोचलं. शाळा तुझ्यातून रिटायर झाली, मुख्याध्यापिका काही झालेली दिसत नाही.

आधी आनंदाची बातमी. मुंबईच्या मुलांच्या हॉस्पिटलमधली जागा मला मिळाली. मी हो कळवून टाकलं आहे. इथला तीन वर्षांचा करार जानेवारीत संपतो, फेब्रुवारीत तिकडे रुजू व्हायचं. निमिषदादाला अजून सांगितलेलं नाही. तो कॅनबेरात बसून मला कायमची ऑस्ट्रेलियन करायचे बेत आखतोय. सवड काढून मीच सांगेन. तू तोंड बंद ठेव, हे तुला सांगणं जरा धाडसाचंच आहे.

आता अडचणीची बातमी. मुलंगरी तुला माहीत आहे : नावात मुलं आणि गावात सगळे म्हातारे. एक पब, एक क्लब, बारा खाटांचं हॉस्पिटल आणि एक डॉक्टर, म्हणजे मी. पुढचा डॉक्टर डबो शहरात, गाडीने दीड तास. बाकी मेंढ्या आणि माश्या. गेल्या रविवारी क्लबात चहाच्या वेळी ऑस्वाल्डकाका उभे राहिले आणि चमच्याने कप वाजवला. तेच ते आपले वसईचे, पंचवीसेक वर्षांपूर्वी इथे गणिताचे मास्तर म्हणून आलेले. निम्मं गाव त्यांचा मार खाऊन मोठं झालंय. त्यांनी जाहीर केलं की परदेशी डॉक्टरांचे व्हिसा यापुढे वाढवणार नाहीत अशी कॅनबेरात हवा आहे. म्हणून अख्ख्या गावाने थेट पार्लमेंटकडे अर्ज करायचा, की आमची डॉक्टर मैथिली आम्हाला राहू द्या.

आत्या, त्या क्षणी माझ्या तोंडात लॅमिंग्टन होता. हा चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात लोळवलेला केक असतो. खोबरं घशात गेलं. डोळ्यांतून पाणी, तोंड लाल, बोलायची सोय नाही. आमची वॉर्डची सिस्टर ब्रेंडा सहा फूट उंच आहे. तिने पाठीत असा दणका घातला की मी वाचले, पण तोवर पहिला कागद सह्यांनी भरला होता. माझं मन भरून आलं असा सगळ्यांचा समज झाला आहे.

यांना अर्जाचं वेड जुनं. बरोब्बर शंभर वर्षांपूर्वी, म्हणजे ऑस्ट्रेलिया हा एक देशसुद्धा नव्हता तेव्हा, याच गावाने सिडनीच्या पार्लमेंटला अर्ज करून पहिला डॉक्टर मिळवला होता. त्याआधी दात घोड्यांना नाल ठोकणारा उपटायचा. बायकांना मत नव्हतं, तरी त्यांनी सह्या केल्या. शर्यतीच्या एका घोड्याचीही सही आहे म्हणतात. त्याची शताब्दी म्हणून यंदा गाव फारच उत्साहात आहे. अशा लोकांना मी कोणत्या तोंडाने सांगू की मी चालले?

तुझ्या लोभाला ऱ्हस्व-दीर्घाची अट नसावी, ही विनंती.

तुझी,
मैथिली


ठाणे
२ जून १९९६

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद. (उत्तम की कसे, ते पत्राच्या शेवटी ठरवू.)

नोकरीचं वाचून शेजारच्या शैलाकडे पेढे पाठवले. कशाचे ते सांगितलं नाही, त्यामुळे तुझं लग्न ठरलं असं सोसायटीभर झालं आहे. मी खुलासा केलेला नाही. लोकांना चार दिवस आनंद मिळतोय तर मिळू दे.

आता तुझ्या लॅमिंग्टनबद्दल. तुला नाही म्हणता येत नाही हे मी तू सात वर्षांची असल्यापासून पाहते आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाईट वाटेल म्हणून तू चार वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकलीस. शेवटी त्यांनीच माझ्याकडे येऊन हात जोडले. त्या बाई एकट्या होत्या, इथे गाव आहे. दोन वाक्यांचं काम आहे. तुम्ही फार चांगले आहात, हे एक. मी जानेवारीत जाते आहे, हे दुसरं. मध्ये ‘पण’ घालू नकोस. ‘पण’ घातलंस की रडायला लागशील.

आणखी एक. माझ्यासाठी म्हणून येत असशील तर येऊ नकोस. माझे गुडघे, माझा रक्तदाब आणि माझी कामवाली या तिन्हींशी माझं ठीक चाललं आहे. मुलांवर उपचार करायचे हे तुझं पहिल्यापासूनचं म्हणणं, त्यासाठी येत असशील तर ये.

त्या घोड्याचं मात्र मला फार आवडलं. आलेल्या डॉक्टरचं पुढे काय झालं? अर्ज करणारे लोक मिळालेल्या गोष्टीचं काय करतात, याची मला नेहमी उत्सुकता असते.

हे पत्र बोलण्याच्या आधी मिळालं तर आशीर्वाद उत्तम समजावेत, नंतर मिळालं तर अत्युत्तम.

आत्या


गुंगालिन, कॅनबेरा
२१ जुलै १९९६

ती. आत्यास,
निमिषचा शि. सा. न.

इथे थंडी अशी आहे की सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ मी क्रेडिट कार्डाने खरवडतो. त्या कार्डाचा सध्या तेवढाच उपयोग आहे. शाल्मली आणि विहान मजेत. विहानला मराठीत हाक मारली की तो इंग्लिशमध्ये येतो.

मैथिलीच्या अर्जाचं तुला कळलंच असेल. आता तो माझाही झाला आहे. ऑस्वाल्डकाकांनी मसुदा टाईप करायला माझ्याकडे पाठवला. त्यांनी मंत्र्यांना वर्गात झोपणाऱ्या पोरांची उपमा दिली होती, ती काढायला लागली. पार्लमेंटचा नियमच आहे, भाषा सभ्य हवी आणि सह्या अस्सल शाईच्या, झेरॉक्स चालत नाही. शेवटी ‘अर्जदार सदैव प्रार्थना करीत राहतील’ असं वाक्य अजूनही घालतात. मायबाप सरकार इथेही आहे, फक्त टाय लावतं. काकांनी एका जागी ‘डॉक्टर मैथिली’च्या पुढे ‘किंवा तत्सम अन्य डॉक्टर’ असं घातलंय. मी म्हटलं कशाला, तर म्हणाले असू दे, गणितात एक्स लागतो.

शाल्मली सिडनीला गेली होती, तेव्हा वेंटवर्थव्हिलच्या किराणा दुकानात लोणच्यांच्या शेल्फपाशी तासभर कागद घेऊन उभी राहिली. एका गृहस्थांनी विचारलं की यावर सही केली तर सासूचा व्हिसा होईल का. दुसऱ्यांनी न वाचता सही केली आणि नंतर विचारलं की हळद किती टक्के ऑफ. कॅसल हिलच्या हळदीकुंकवाला मात्र भरघोस सह्या मिळाल्या, कारण सही केल्याशिवाय शाल्मलीने तिळगूळ दिला नाही. जुलैत तिळगूळ कसला, हे कुणी विचारलं नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरचं काय झालं, असं तू मैथिलीला विचारलं होतंस ना? इथल्या मोठ्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं बघून आलो. अर्ज मंजूर झाला, डॉक्टर आला. तो दिवसा पबमध्ये आणि संध्याकाळी ओढ्यात सापडायचा. दोन वर्षांत त्याच लोकांनी दुसरा अर्ज केला, की हा डॉक्टर परत घ्या. तोही मंजूर झाला. मला हे गाव एकदम पुण्याचं वाटायला लागलं आहे.

गंमत जाऊ दे. आई-बाबा गेल्यावर आपण तिघंच राहिलो. तू ठाणं सोडणार नाहीस हे मी आता मान्य केलं आहे. पण मैथिली इथे राहिली, तर विहानला आत्या म्हणजे काय ते कळेल. मला कळलं तसं. म्हणून चाललीय ही सगळी धडपड. तिला हे सांगू नकोस, ती हसेल.

तुझा लोभ विमानाने येतो म्हणून उशीर होतो, पण पोचतो.

तुझा,
निमिष


ठाणे
११ ऑगस्ट १९९६

चि. मैथिलीस,
आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

तुझा भाऊ लोणच्यांच्या बरण्यांपाशी बायको उभी करून तुझ्यासाठी सह्या गोळा करतो आहे, आणि तू गप्प! मी त्याला उत्तर काय लिहिलं, माहीत आहे? पाऊस. कागदाच्या दोन्ही बाजूंनी पाऊस. मी आयुष्यात कधी कुणाला पावसावर पत्र लिहिलेलं नाही. त्याला संशय येईल, नाही तर मला वेड लागलं असं वाटेल.

गावाला सांगायला जीभ रेटत नाही हे एक वेळ समजते. पण निमिषला? तो हसण्यावारी नेतो म्हणून त्याला लागत नाही, असं समजू नकोस. तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. तुझे बाबा गेले त्या वर्षी तुझ्या वेण्या तो घालायचा. वाकड्या घालायचा, पण घालायचा.

पार्लमेंटात अर्ज जायच्या आत त्याला सांग. फोनने सांग, पैसे माझ्याकडून घे.

राग ओसरला की लोभ पाठवते.

आत्या


गुंगालिन
१७ ऑक्टोबर १९९६

ती. आत्यास,
नमस्कार.

सोमवारी अर्ज पार्लमेंटात गेला. ते आधी सांगतो. बाकीचं मग.

मुलंगरीहून बस भरून माणसं आली होती. रात्रीच निघाली होती, डब्यात मटण पाय घेऊन (बकऱ्याचे पाय नव्हेत, खिमा भरलेला इथला पेस्ट्रीचा प्रकार). ऑस्वाल्डकाका लग्नातल्या सुटात. ब्रेंडाबाईंनी टोपी घातली होती, त्यामुळे मागच्या दोन रांगांना काही दिसलं नाही. मी ऑफिसातून तासाभराची रजा काढून गेलो. आम्ही सगळे वर गॅलरीत बसलो.

आत्या, लग्नात भटजी घाईत असला की मंगलाष्टकं कशी उरकतो, तसं झालं ते. खाली एका गृहस्थांनी कागद उचलला आणि आज आलेल्या अर्जांची नावं एका श्वासात वाचली. आमच्या आधी कुणाला तरी टपालाचा दर कमी हवा होता, आमच्यानंतर कुणाला तरी टीव्हीवरची अश्लीलता नको होती. मध्ये ‘मुलंगरीचे नागरिक, डॉक्टरबाबत’. संपलं. खाली बसलेल्यांपैकी एक मेंबर नखं बघत होता, एक डुलक्या घेत होता. काकांनी मसुद्यात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. काका उठून टाळ्या वाजवायला लागले. शिपायाने येऊन त्यांना बसवलं, इथे प्रेक्षकांना टाळ्या वाजवायची परवानगी नाही म्हणून. तेव्हा ब्रेंडाबाईंनी त्या शिपायाला मटण पाय देऊ केला.

बाहेर पडल्यावर मला वाईट वाटत होतं. मी काकांना म्हटलं की एवढ्या सह्यांचं शेवटी हे, मैथिलीचं नावसुद्धा नीट वाचलं नाही. तर काका फार शांतपणे म्हणाले की बाबा, तुझी बहीण राहणार नाहीच आहे. जानेवारीत जाणार, आणि जाऊ दे तिला. अख्ख्या गावाला थंडीपासून माहीत आहे. मला वाटलं तुलाही असेल.

मग तिथेच पायऱ्यांवर बसून त्यांनी त्यांच्या बायकोचं सांगितलं. ऑलिव्हकाकू. मैथिली यायच्या आदल्या वर्षी, गावात डॉक्टर नसताना, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. काका स्वतः गाडी चालवत डबोला निघाले. अर्ध्या वाटेवर काकूंनी त्यांना गाडी थांबवायला सांगितलं. पुढे जायची गरज उरली नाही. काका म्हणाले की अर्ज त्यासाठी आहे. डॉक्टर कोणीही असो, हवा. पण नुसत्या ‘डॉक्टर हवा’वर माणसं सही करत नाहीत, त्यांना चेहरा लागतो.

मी तिथेच त्यांचा हात धरून बसलो.

आता तुझ्याशी बोलतो. तुला माहीत होतं. तो पाऊस आता समजला. वेंटवर्थव्हिलच्या लोणच्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं, मला नव्हतं. मी रागावलोय की नाही ते मला ठरवता येत नाहीये. मैथिलीला फोन केलेला नाही. तिने करावा.

पत्र इथेच थांबवतो.

निमिष


मुलंगरी
२४ नोव्हेंबर १९९६

ती. सुहासआत्यास,
साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखरचा, जमिनीवर.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हापासून मी दादाला फोन लावला, वाजायच्या आत ठेवला, असं चारदा केलं. शेवटी गेल्या शनिवारी गाडी काढली आणि पाच तास चालवत त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याने दार उघडलं आणि विचारलं की जेवलीस का. मला ‘पण’सुद्धा म्हणता आलं नाही, आधीच रडू आलं. जेवताना त्याने माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलेलं दिसत होतं, पण वाढत होता मात्र सारखं. मग भांडी घासताना म्हणाला की त्याला मी जाण्याचं दुःख नाही, मला त्याला सांगायची भीती वाटली याचं आहे. मी म्हटलं की त्याची नाही, त्याचा पडलेला चेहरा बघायची भीती वाटली. तो म्हणाला बघ आता, हा पडलेला. आणि मग आम्ही दोघं हसत सुटलो. विहानने येऊन बघितलं आणि आईला जाऊन इंग्लिशमध्ये सांगितलं की ही माणसं ठीक नाहीत. तुला कळलं कसं, असं मी निघताना विचारलं, तर दादा म्हणाला की ते तुझ्या गावालाच विचार.

परत आले ती थेट क्लबात. ज्या टेबलाशी ऑस्वाल्डकाका उभे होते तिथे उभी राहिले. तुझी दोन वाक्यं पाठ करून गेले होते. एवढी माणसं, एवढी माया, आज मी सगळ्यांची मनं मोडणार, असं वाटत होतं. तुम्ही फार चांगले आहात, म्हटलं. मी जानेवारीत जाते आहे, म्हटलं.

मागून म्हाताऱ्या मर्व्हने विचारलं की मग टोयोटा कितीला देणार.

आत्या, एकाचंही मन मोडलं नाही! ब्रेंडा म्हणाली की डॉक, थंडीतच तू गॅरेजवाल्याला गाडीची किंमत विचारलीस. ऑक्टोबरात मी टोमॅटोची रोपं वाटली तेव्हा तू एकही घेतलं नाहीस. टोमॅटो न लावणारी बाई उन्हाळ्याला राहत नसते. नो वरीज. हे ऐकून मी इतकी चिडले! सहा महिने मी अपराधी चेहऱ्याने फिरले, झोप उडवून घेतली, आणि यांनी मला दुकानाच्या पाटीसारखं वापरलं. मी ते बोलूनही दाखवलं. तेव्हा ब्रेंडा माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली की तू यायच्या आधी आम्ही दुखणी अंगावर काढत होतो, काही वाटत नव्हतं. तीन वर्षांत तू आमची ती सवय मोडलीस. आता पुन्हा काढवणार नाहीत. मागणं तुझ्यामुळे सुचलं, तुझ्यासाठी नव्हे.

मी लॅमिंग्टन खाल्ला. नीट गिळला.

मंत्र्यांच्या कचेरीतून पोच आली आहे, मागणी विचाराधीन आहे अशी. ऑस्वाल्डकाकांनी ती क्लबात चिकटवली आणि खाली दहापैकी दोन मार्क दिले.

लोभ ओसरला होता तो आता भरतीला यावा.

तुझी,
मैथिली


मुलंगरी
१९ जानेवारी १९९७

ती. सुहासआत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आणि मी, यांत आधी कोण पोचेल सांगता येत नाही. मी पोचले तर पत्र वाचताना समोर बसेन, आणि तुला लाल पेन घेऊ देणार नाही.

नवा डॉक्टर आला. डॉक्टर नोएल, मनिलाचे. बुटके, हसरे, सोबत बायको, दोन मुली आणि एक पियानो. अर्जामुळे आले की अर्ज करूनही आले, देव जाणे. कॅनबेराच्या पत्रात अर्जाचा उल्लेख नाही. ऑस्वाल्डकाकांचं म्हणणं, रीत दाखवली नाही तरी उत्तर बरोबर असलं की मार्क द्यायचे.

सोमवारी मी आणि नोएल दोघांनी मिळून ओपीडी घेतली. शेजारी शेजारी दोन खोल्या, बाहेर बाकावर नेहमीचं गाव. मी ठरवलं होतं की कुणी माझ्याकडेच यायचा हट्ट धरला तर समजूत काढायची. गोड शब्दही योजून ठेवले होते. पहिल्या बाई उठल्या आणि नोएलच्या खोलीत गेल्या. दुसऱ्या त्यांच्या मागे. मर्व्हने तर माझ्या दारावरून जाताना हात हलवला आणि तिकडे शर्ट काढायला सुरुवातही केली. ज्या पुरळाबद्दल माझ्याशी दोन वर्षांत कधी बोलला नव्हता तेही दाखवलं त्याने. मला भिंतीतून ऐकू येत होतं.

दुपारपर्यंत माझ्याकडे कुणीही आलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कामाच्या वेळी व्हरांड्यात चहा घेऊन बसले. समोर पिवळं पडलेलं रान, अंगणात नोएलच्या मुली ब्रेंडाच्या मागे मागे पळत होत्या, आत कुणीतरी खोकत होतं आणि कुणीतरी त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगत होतं. ते सांगणारी मी नव्हते. मला वाटलं होतं की मला वाईट वाटेल. वाटलंही थोडं, खोटं कशाला बोलू. पण चहा गार होईपर्यंत मी तिथे बसून राहिले, उठावंसं वाटेना.

मग ब्रेंडा आली, म्हणाली की अशी नुसती बसणार असलीस तर मटार सोल. मी सोलले.

शनिवारी निघते. तुझा लोभ आता जवळून मोजता येईल.

तुझी,
मैथिली